गाडी की ट्राम

ऑक्टोबर लागला की माझं एका जागी बूड टेकत नाही. पावसाने पाठ फिरवलेली असते, थंडीचा पत्ता नसतो आणि मधल्या या दिवसांत हवा नुसती अंगाला चिकटते. पंखा पाचावर असला तरी मानेखालची उशी ओली होते. खिडकीबाहेर चतुर उडत असतात, समोरच्या सोसायटीत कोणीतरी भाजणी भाजत असतं, आणि मी या खोलीतून त्या खोलीत जाते, कशाला आले ते विसरते, परत फिरते. सून म्हणते, "आई, बसा हो जरा, मलाच गरगरायला लागलं तुमच्याकडे बघून." मी बसते. दोन मिनिटांनी पुन्हा उठते. डॉक्टर म्हणतात, वयामुळे होतं असं. वयाचा काही संबंध नाही. मी तेवीस वर्षांची होते तेव्हापासून ऑक्टोबर माझ्याशी असाच वागत आलाय.

त्यात परवा नेहाचा फोन. नेहा म्हणजे माझ्या भाचीची मुलगी, नुकतंच लग्न झालेली. नवराबायको परदेशी फिरायला निघालीत आणि निघण्याआधीच भांडतायत. तिकडे गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवायची, की आगगाडी आणि बसने फिरायचं, यावरून.

"मावशीआजी, तूच सांग. हा म्हणतो गाडी घेऊ, मनाला येईल तिथे थांबू. मी म्हणते, अनोळखी रस्ते, उलट्या बाजूने चालवायचं, पाट्या वाचता येत नाहीत, कशाला डोक्याला ताप? ट्रेनमध्ये बसावं, मस्त खिडकीतून बघावं. बरोबर ना?"

"विचार करून सांगते," मी म्हटलं.

"अगं, यात विचार कसला करायचा!" ती हसली आणि तिने फोन ठेवला.

मी मात्र उठले आणि पुन्हा येरझारा सुरू. त्या पोरीला काय ठाऊक, की याच एका प्रश्नावर अंधेरीतल्या आमच्या इमारतीने एक अख्खा ऑक्टोबर घालवला होता. तोही परदेश कशाशी खातात ते माहीत नसताना.

पन्नासचं दशक अर्धं सरलं होतं. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. आम्ही अंधेरीला पूर्वेच्या बाजूला राहायचो, दोन मजली इमारत, पुढे सामाईक व्हरांडा आणि त्यापुढे मातीचं मोठं अंगण. पलीकडे गवत, ताडाची झाडं, म्हशींचे गोठे आणि कुर्ल्याकडे जाणारा मोकळा रस्ता. सांताक्रूझला उतरणारी विमानं डोक्यावरून जायची तेव्हा हातातलं काम टाकून मी बघत राहायची. तेव्हा नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, ती सवय अजून सुटलेली नाही, म्हणून इथेही 'हे'च म्हणते. हे छपाईची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत मेकॅनिक होते. यंत्रं जर्मनीहून यायची. ती नीट उघडून-जोडून शिकण्यासाठी एका माणसाला वर्षभर तिकडे पाठवायचं कंपनीने ठरवलं आणि साहेबांनी यांना बोलावलं.

जागा दोन होत्या, त्यांतली एक यांनी निवडायची होती. पहिली शहरातल्या कारखान्यातली. राहायला एका बाईच्या घरी खोली, कामावर जायला-यायला ट्राम, सगळी सोय एकट्या माणसाची. दुसरी फिरतीची. गावोगावच्या छापखान्यांत जाऊन यंत्रं दुरुस्त करायची, त्यासाठी कंपनीची छोटी मोटार आणि राहायला दोन खोल्यांचं बिऱ्हाड. तिथे बायकोला नेता येणार होतं. अट एवढीच, की दिवाळीनंतर आठ दिवसांत मोटार चालवायचं लायसन साहेबांच्या टेबलावर आलं पाहिजे.

यांनी हे सगळं जेवताना सांगितलं, ताटातल्या भाताकडे बघत. मी वाढायची थांबले. सासूबाई मालवणच्या, तोंडाच्या फटकळ, पण मनात काही ठेवायच्या नाहीत. मी विचारायच्या आधीच त्यांनी निकाल दिला, "जा गो चेडवा. हय मी आसय, पोरगे आसत. माका काय होवचा नाय." पोरगे म्हणजे माझे दोन धाकटे दीर. म्हणजे घराची काळजी मिटली. उरलं ते फक्त लायसन. माझं परदेशी जाणं यांच्या दोन हातांवर आणि दोन पायांवर येऊन ठेपलं होतं, आणि यांनी तोवर सायकलपलीकडे काही चालवलेलं नव्हतं.

मला जायचं होतं. किती जायचं होतं ते आज सांगायलाही लाज वाटते. बर्फ, राजवाडे, असलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. मला दिसायची ती गाडी. दार लावलं की आत मराठी आणि बाहेर जर्मन. मी पुढे, यांच्या शेजारी बसलेय, मांडीवर नकाशा उघडलाय, दोन रस्ते फुटलेत, आणि हे मला विचारतायत, "मालू, आता कुठे?" आणि मी म्हणतेय, "उजवीकडे." एवढंच. आमच्या घरात मला कधी कोणी काही विचारत नसे. भाजी कुठली, हेसुद्धा ठरलेलं असायचं. कोणीतरी मला रस्ता विचारील आणि मी सांगेन तिकडे वळेल, या कल्पनेनेच मला भूक लागेनाशी झाली.

बातमी व्हरांड्यात पोचायला वेळ लागला नाही, आणि मग जो तो सल्ला द्यायला लागला. शेजारचे तात्या रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले. ते अर्थातच रुळांच्या बाजूचे.

"हे बघ," ते यांना म्हणाले, "परक्या मुलखात चाक आपल्या हातात घ्यायचं नाही. ट्राम त्यांची, रूळ त्यांचे, ड्रायव्हर तिथला. चुकला तर तो चुकेल. तुला कोण विचारतंय? तू आपला खिडकीशी बस."

"आणि उतरायचं कुठे ते कसं कळायचं?" मी आतून बोलले. बोलायला नको होतं, पण राहवलं नाही. "ट्राममध्ये दर वेळी कोणाला तरी विचारावं लागणार. गाडीत कोणाला काही विचारायला नको."

"विचारलं तर माणसं भेटतात, सूनबाई. गाडीत कोण भेटणार? पोलीस!"

तात्या स्वतः कल्याणच्या पुढे कधी गेले नव्हते. पण त्यांचं ते वाक्य मला अजून टोचतं, कारण त्यात चूक काढता येत नाही. गाडीने जाणारा माणूस देश बघतो तो काचेतून. ट्रामने जाणाऱ्याला शेजारणीच्या पिशवीतल्या पावाचा वास येतो, कोणाचा तरी कोपर लागतो, कोणीतरी बोटाने खुणावून सांगतं, इथे उतर. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला कळून घ्यायचंच नव्हतं. मला गाडी पाहिजे होती आणि त्या गाडीत मी पाहिजे होते.

शिकवायला इनासमामा मिळाला. मरोळचा ख्रिस्ती माणूस, तिथल्या एका गॅरेजचा ट्रक चालवायचा. दुरुस्तीला आलेली एका डॉक्टरांची जुनी मॉरिस मोटार त्याच्या ताब्यात होती, आणि डॉक्टरांच्या परवानगीने रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी तो यांना घेऊन निघायचा. मी मागे. घरच्यांना मी सांगितलं होतं, की कंपनीने दिलेली जर्मन पाट्यांची पुस्तिका माझ्याकडे आहे, म्हणून मला जावं लागतं. ते निम्मंच खरं होतं.

अंधेरीहून निघायचं, मरोळ, साकीनाका, मग पवईच्या तळ्याकडे. तेव्हा त्या रस्त्यावर खाणीतून खडी घेऊन येणारे ट्रक, पेंढ्याच्या बैलगाड्या आणि आम्ही, बस. दोन्ही बाजूंचं गवत पिवळं पडायला लागलेलं, तळ्यात कमळं, आणि गाडीत तापलेल्या रेक्झिनचा वास. यांच्या सदऱ्याची पाठ पहिल्या दहा मिनिटांत भिजायची. हे चाक असं घट्ट धरायचे की बोटांची पेरं पांढरी व्हायची.

"साहेब, गाडी म्हणजे बैल नाय. ओढू नको तिला. नुसतं सांग," इनासमामा म्हणायचा.

मी मागून म्हटलं, "अहो, बैलगाडी," की हे कचकन ब्रेक मारायचे. "मागून बोलू नकोस गं!" मग मी गप्प बसायचे आणि इनासमामाचे हात बघत राहायचे. तो शिकवताना हवेतच गिअर टाकून दाखवायचा, आणि त्याच्या डाव्या पायाची टाच किती उचलते, ते मला मागून नीट दिसायचं. काही दिवसांत असं झालं, की यांनी क्लच लवकर सोडला ते इनासमामा बोलायच्या आधी मला आवाजावरून कळायचं. मी ओठ मिटून घ्यायचे.

पण खरी अडचण वेगळीच होती. तिकडे सगळं उलटं. गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालणार, चालवणारा डावीकडे बसणार. पवईच्या रस्त्यावर उजवीकडून गाडी चालवून बघावी, असं यांनी एकदा भीत भीत सुचवलं, तेव्हा इनासमामाने छातीवर क्रूस काढला. मग मी एक उपाय काढला. दिवाळी जवळ आली होती, अंगण नुकतंच सारवलं होतं. मी रांगोळीचा डबा घेऊन खाली उतरले आणि जर्मनीतला चौक काढला.

चौक, चारी बाजूंचे रस्ते, मध्ये ट्रामचे रूळ, कडेला पुस्तिकेतल्या पाट्या. लाल त्रिकोणात कुंकू भरलं, पिवळ्यात हळद. पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बायका कौतुकाने बघायला आल्या आणि विचारात पडल्या, की हे ठिपके कुठल्या नमुन्याचे. संध्याकाळी हे कामावरून आले की मी यांच्या हातात पितळी ताट द्यायची, ते चाक. हे ताट धरून उजव्या बाजूने चालायचे, वळताना हात बाहेर काढायचे. तात्या विरोधी पक्षाचे असूनही पोलीस म्हणून चौकात उभे राहायचे. आणि मी ट्राम.

"अहो, थांबा, थांबा! मी ट्राम आहे, मला आधी जाऊ द्या!"

हे डावीकडे वळताना सरळ माझ्या अंगावर आले होते. ताट माझ्या खांद्याला लागून ठणठणत खाली पडलं, कुंकवाचा त्रिकोण पायाखाली गेला, व्हरांडाभर हशा झाला. सासूबाई तर डोळे पुसायला लागल्या. हेही हसले, पण कान लाल झाले होते. मी त्या कानांकडे नीट बघायला पाहिजे होतं. मी काय केलं, तर पुसलेला त्रिकोण पुन्हा काढला आणि म्हटलं, "चला, परत. मागून या."

किती दामटलं मी यांना! दर संध्याकाळी चौक बदलायचा, नवा काढायचा. अशी सहा-सात गावं मी त्या अंगणात काढली आणि पुसली असतील. चकलीचा सोऱ्या फिरवताना मी पाट्या घोकायची. हे थकून यायचे, चहा अर्धा टाकायचे, झोपेत दचकायचे. मला वाटायचं, परीक्षेची धास्ती. मी कपाळाला बाम लावून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट हातात द्यायची.

दिवाळी झाली. पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी परीक्षा होती, शहरात. हे इनासमामाच्या मॉरिसमधून गेले. मी दारात उभी राहून दही दिलं हातावर. दिवसभर मी काय केलं ते आठवत नाही. बसले नाही एवढं आठवतं. संध्याकाळी हे एकटेच आले, स्टेशनवरून चालत.

"नापास झालो, मालू."

"कुठे चुकलं?"

"चढावर. गाडी मागे गेली."

"मग पुन्हा द्यायची. अजून पाच दिवस आहेत."

"साहेबांना सांगून आलो. ट्रामची जागा घेतली." यांनी सदरा काढून खुंटीला लावला. "झालं ते झालं."

मी आत जाऊन चहा टाकला. पोह्यांचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मग पदर तोंडात धरून रडले, आवाज न करता, कारण आमच्या स्वयंपाकघरातला आवाज व्हरांड्यात जायचा. दुसऱ्या दिवशी सगळे समजूत घालायला आले. मला समजूत घालणारी माणसं कधीच आवडलेली नाहीत. तात्या म्हणाले, "ट्रामच बरी हो. जीव तरी शाबूत." मी त्यांना पाणी दिलं आणि आत निघून आले. खाली अंगणात परवाचा चौक अजून अर्धा होता, मी खराटा घेऊन तो झाडून टाकला.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. त्या रविवारी दुपारी हे झोपले. महिन्याभरात पहिल्यांदा, तोंड उघडं टाकून, गाढ. मी दारात उभी राहून बघत होते. नापास झालेला माणूस इतका छान कसा झोपतो, असं मनात येऊन गेलं, पण ते मी लगेच झटकलं.

मंगळवारी सकाळी हे कामावर गेल्यावर इनासमामा आला. जर्मन पुस्तिका गाडीत राहिली होती, ती द्यायला. अंगणात उभा राहून मोठ्याने म्हणाला, "काय गो बाय, साहेब पास झाला नि मला गोड नाय?"

माझ्या हातात वाळत घालायचं लुगडं होतं.

"काय चढावर गाडी थांबवली! एक बोट मागे नाय गेली. इन्स्पेक्टर बोलला, कोण शिकवला याला? मी बोललो, मी!" तो छाती काढून हसला. "लायसन दाखवला ना तुला?"

"हो तर," मी म्हटलं. "गडबडीत तुमचं गोड राहूनच गेलं बघा."

मी आत गेले, ताटलीत करंज्या आणि चकल्या घातल्या, आणून दिल्या. तो पायरीवर बसून निवांत खात होता. "आता तू पण जाणार ना, बाय?" "बघू," मी म्हटलं. त्याने पाणी प्यायलं, पुस्तिका माझ्या हातात दिली, गेला. ते लुगडं मी पुन्हा बादलीत टाकलं आणि पुन्हा धुतलं, काही गरज नसताना.

बोट निघायला वीस दिवस होते. त्यांतले अठरा दिवस मी याबद्दल एक शब्द बोलले नाही. मला माहीत आहे हे यांना माहीत नव्हतं, आणि यांना वाटत होतं, मी अजून हिरमुसलेय. मी लोकरीचा स्वेटर विणत होते, याच माणसासाठी, आणि दर टाक्याला एक कारण शोधत होते. मला इंग्रजी बोलता येत नाही म्हणून? माझं रूप? लाज वाटेल माझी, त्या गोऱ्या बायकांत? दोन वर्षांत मूल झालं नाही म्हणून? तुळशीचं लग्न लागलं, अंतरपाटाच्या अलीकडे-पलीकडे सगळे अक्षता टाकत होते, आणि मी यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, की कुठे काही दिसतंय का. काही दिसलं नाही. स्वेटरचा गळा तीनदा उसवला.

पुढे यांची पत्रं आली तेव्हा एक वेगळाच माणूस मला भेटला. हे ट्रामबद्दल पानंच्या पानं लिहायचे. एक म्हातारी रोज यांच्यासाठी शेजारची जागा धरून ठेवते आणि यांना एकेक शब्द शिकवते. एकदा चुकीच्या ट्राममध्ये बसून हे शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, तिथे सफरचंदाची झाडं होती, तासभर नुसते उभे राहिले आणि परत आले. 'कोणाला काही सांगावं लागलं नाही, मालू, की कुठे होतो.' घरात कधी चार वाक्यं न बोलणारा माणूस! पत्र वाचताना मला आनंद व्हायचा आणि त्याच वेळी पत्र फाडून टाकावंसंही वाटायचं. दोन्ही एकदम होऊ शकतं. हे वारले त्याला आता सहा वर्षं झाली, तरी ती पत्रं मी एका बैठकीत पूर्ण वाचू शकत नाही.

पण मी पुढचं आधी सांगितलं. बोट निघायच्या दोन दिवस आधीची दुपार राहिलीच. सासूबाई देवळात गेल्या होत्या, दीर कॉलेजात. हे ट्रंक भरत होते, मी घड्या देत होते. स्वेटर हातात दिला आणि म्हटलं, "पास झालात ना तुम्ही?"

यांचे हात थांबले. मला वाटलं, नाही म्हणतील. नाही म्हटले असते तर मी कदाचित मानलंही असतं.

"हो," हे म्हणाले.

"मग खोटं का बोललात?"

"खरं सांगितलं असतं तर तू आली असतीस."

इतकं सरळ कोणी मला कधी काही बोललेलं नव्हतं. मी घडी घातलेली चादर पुन्हा उलगडली. हे ट्रंकेच्या कडेवर बसले आणि खाली बघून बोलायला लागले, आणि मग थांबेचनात.

"बाबा गेले तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. तेव्हापासून कोणी ना कोणी माझ्या मागे बसलेलंच आहे. आई, दोघे भाऊ, आता तू. तुम्ही कोणी वाईट नाही गं. पण पवईच्या रस्त्यावर आरशात तुझं तोंड दिसायचं, इतकं खूश, आणि माझे हात गार पडायचे. वाटायचं, रस्ता आपला नाही, भाषा आपली नाही, आणि हिला घेऊन निघायचं. चुकलो तर हिचा जीव. ट्राममध्ये मी नुसता बसेन. दुसरा कोणीतरी चालवेल. एक वर्ष, मालू. एक वर्ष मला कोणीतरी नेऊ दे."

मला राग आला. दयासुद्धा आली, ती नाही म्हणत नाही मी, पण आधी राग. इतके दिवस साचलेला, टाक्याटाक्याने विणलेला राग. आणि त्या रागात तोंडातून निघून गेलं,

"मग चाक माझ्याकडे द्यायचं होतं! मी चालवली असती. तुम्ही बसला असतात शेजारी."

हे बघत राहिले माझ्याकडे. "तू?" म्हणाले. त्यात हेटाळणी नव्हती, मी शपथेवर सांगेन. नुसतं नवल होतं. मग म्हणाले, "हे मला सुचलंच नाही."

"मला तरी कुठे सुचलं," मी म्हटलं. "आत्ता सुचलं."

आणि तेच खरं होतं, आणि तेच मला आजवर बसू देत नाही. महिनाभर अख्खी इमारत वाद घालत होती, गाडी की ट्राम, गाडी की ट्राम. तात्या बोलले, बायका बोलल्या, सासूबाई बोलल्या. इनासमामा मला आरशात दर रविवारी बघत होता. पाट्या मला पाठ, रस्ते माझ्या हाताने काढलेले, क्लचचा आवाज माझ्या कानात. लायसन यांचंच हवं, असं साहेबांनी सांगितलं होतं, पण विचारून बघायला काय हरकत होती? नाही म्हणाले असते तर म्हणाले असते. आम्ही विचारलंच नाही. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. यांनी मला दूर ठेवलं, हे मी पुढे कधीतरी समजून घेतलं, थोडं माफही केलं. पण मी स्वतः जी स्वप्नं बघत होते, माझी स्वतःची, कोणी न दिलेली, त्यांतही मी शेजारच्याच जागेवर बसले होते. तिथेही मी मलाच चाक दिलं नव्हतं.

"आता काय करायचं?" यांनी विचारलं. अगदी खरंच, सल्ला विचारावा तसं.

"आता काही नाही. परवा बोट आहे," मी म्हटलं आणि स्वेटर वरून दुसऱ्या थरात ठेवला.

यांना बंदरावर पोचवून आलो. हे बोटीच्या कठड्याशी उभे होते, हात हलवत होते, आणि इतक्या लांबूनही मला दिसत होतं, की खांदे सैल आहेत. सासूबाई रडल्या. मी रडले नाही. घरी येऊन दोन दिवस मी फक्त फिरत राहिले, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

रविवारी सकाळी मी सासूबाईंना सांगितलं, "मी मरोळला जाऊन येते." कशाला, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पहिल्यांदाच एकटी त्या रस्त्याने चालत गेले. मॉरिस डॉक्टरांकडे परत जायची होती, आणि इनासमामा गॅरेजपुढे तिच्यात चाकामागे बसून इंजिनाचा आवाज ऐकत होता. मला बघून त्याने इंजिन बंद केलं.

"काय गो बाय, साहेब गेला नीट?"

"गेले," मी म्हटलं. "इनासमामा, मला शिकवाल?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग रस्त्याकडे बघितलं त्याने, इकडे तिकडे, मग पुन्हा माझ्याकडे. उजवीकडचं दार उघडून खाली उतरला, गाडीला पुढून वळसा घालून आला आणि डावीकडच्या जागेवर जाऊन बसला.